अंमल : माळव्याची अफू आणि औषधाची पेटी

अनारसे थापायला बसले की आधी ताटात खसखस पसरावी लागते. पुण्या-मुंबईच्या आपल्या नातेवाइकांकडे ती लहानशा पुडीत येते आणि मोजून वापरली जाते. इंदुरात मात्र आपल्या आज्यांचा हात या बाबतीत नेहमीच सढळ होता. नीमच-मंदसोरकडचे कोणी ओळखीचे असले की दिवाळीआधी पिशवीच घरी येई. मग अनारसे, डिंकाचे लाडू, आमटीतले वाटण, कडाक्याच्या थंडीत हलवा, आणि उरलीसुरली दुधात वाटून उटण्यात. 'खसखशीने कांती उजळते' हे वाक्य ज्या घरात ऐकू आले नाही असे मराठी घर माळव्यात क्वचितच असेल.

ही खसखस ज्या बोंडातून निघते, त्याच बोंडाला ते हिरवे असताना चीर दिली की पांढरा चीक पाझरतो. रात्रभरात तो तपकिरी होतो, सकाळी खरवडून घेतात. ती अफू. बीमध्ये नशा नसते, ती बोंडाच्या सालीतल्या चिकात असते. त्यामुळे एकाच झाडाचा एक भाग आपल्या देवघरातल्या नैवेद्यापर्यंत पोचला आणि दुसरा सरकारी कुलुपाआड गेला. आज मला या दुसऱ्या भागाविषयी बोलायचे आहे. विषय वरकरणी रसायनाचा आहे, पण आपल्या शहराच्या जमाखर्चाशी, घराण्यांशी आणि आजारपणांशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. तो संबंध आपण सहसा उच्चारत नाही.

आधी शब्दांविषयी थोडे. 'अफू'चे मूळ ग्रीक आहे. रस या अर्थाचा शब्द अरबीत 'अफ्यून' झाला आणि तिथून आपल्याकडे आला. संस्कृतातले 'अहिफेन', म्हणजे सापाचा फेस, हे त्या परक्या शब्दाला नंतर चढवलेले संस्कृत वस्त्र. चरक आणि सुश्रुत या दोघांनाही हे द्रव्य माहीत नव्हते. ते वैद्यकग्रंथांत स्थिरावलेले दिसते ते शार्ङ्गधराच्या काळापासून. माळव्यात आणि राजपुतान्यात अफूला 'अमल' म्हणतात. आपल्या मराठीत हाच शब्द 'अंमल' होऊन दोन अर्थांनी नांदतो. पेशव्यांचा अंमल, होळकरांचा अंमल, आणि नशेचा अंमल. अंमलदार आणि अमली पदार्थ हे एकाच मुळाचे. पुढची सगळी हकीकत या दोन अर्थांमध्ये ये-जा करणारी आहे.

माळव्यात खसखस पिकते ती काही इंग्रजांमुळे नव्हे. 'आइने अकबरी'त माळवा सुभ्याचे वर्णन करताना अबुल फजलने इथल्या पिकांत खसखशीचा उल्लेख केला आहे, आणि इथले लहानथोर लोक आपल्या मुलांना तीन वर्षांची होईपर्यंत थोडी थोडी अफू देतात असेही नोंदवले आहे. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

काळी जमीन, विहिरीचे पाणी, कोरडी थंडी आणि फेब्रुवारीतले निरभ्र आकाश, या पिकाला हवे ते सारे माळव्यात आहे. चीर देण्याच्या दिवसांत पाऊस झाला तर चीक धुऊन जातो आणि वर्ष वाया जाते. ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगाल-बिहारमध्ये अफूची मक्तेदारी बसवली. पाटण्याला आणि गाझीपूरला शेतकऱ्याने ठरल्या भावाने कंपनीलाच चीक द्यायचा, कंपनीने कलकत्त्यात लिलाव करायचा, आणि व्यापाऱ्यांनी तो माल चीनमध्ये चोरून उतरवायचा, अशी ती व्यवस्था. माळवा या जाळ्याबाहेर होता, कारण माळवा होळकर, शिंदे आणि पवारांचा होता. इथला शेतकरी आपला चीक सावकाराला विकत असे, सावकार उज्जैन-इंदूरच्या पेढ्यांना, आणि पेढ्या गुजरातच्या बंदरांना. कंपनीच्या पाटण्याच्या अफूला चीनमध्ये स्पर्धा उभी राहिली ती मराठ्यांच्या मुलखातून. १८०५ मध्ये कंपनीने पश्चिम किनाऱ्यावरून अफू नेण्यास बंदी घातली. माल थांबला नाही.

डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरची लढाई झाली आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरला तह झाला. होळकरांच्या वतीने तात्या जोगांनी तो केला. त्याच वर्षी इंदूर राजधानी झाले. आपल्या बहुतेक घराण्यांच्या कुळकथा या वर्षाशी कुठेतरी जोडलेल्या असतात. मंदसोर म्हटले की आपल्याला तह आठवतो, अफूच्या व्यापाऱ्याला दुसरे काही आठवे.

राज्य आले तरी अफू हाती येईना, ही कंपनीची पुढची अडचण. १८२०च्या दशकात तिने आधी स्वतःच माळव्यात माल विकत घेऊन पाहिला. मग संस्थानांशी करार करून लागवडीवर मर्यादा घालून पाहिल्या. भाव चढले, सावकारांनी माल आडवाटेने नेला, संस्थानिक कुरकुरले. दशकाच्या शेवटी हा प्रयोग गुंडाळावा लागला. इतिहासकार अमर फारूकी यांनी या चोरट्या व्यापाराकडे देशी भांडवलाने साम्राज्याच्या मक्तेदारीला दिलेला शह म्हणून पाहिले आहे. मला ते बरेचसे पटते. फक्त या शह-काटशहात चीनमधल्या नशेबाजाची बाजू कोणीच खेळत नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

यानंतर कंपनीने जी युक्ती काढली ती खास हिशेबनीसाची होती. खरेदी नको, बंदी नको, फक्त पास. माळव्याची अफू मुंबईला न्यायची तर पेटीमागे कर भरून पास घ्यायचा. पेटी सुमारे १४० पौंडांची. कर सुरुवातीला १७५ रुपये ठेवला. सावकारांनी गणित केले आणि माल पाली, जैसलमेर, कराचीमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला नेला. मग १८३५ मध्ये कर १२५ वर उतरवावा लागला. उंटांचे भाडे आणि सरकारी पास यांच्यात जे स्वस्त तिकडे माल, इतका हा साधा मामला होता. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, कराचीची वाट बंद झाली, आणि त्याच वर्षी कर २०० झाला. १८४७ मध्ये ४००. १८६१ मध्ये ७००. सिंध घेण्याची कारणे पुष्कळ सांगितली जातात. हे आकडे शेजारी ठेवून ती वाचावीत.

दरम्यान जून १८३९ मध्ये चिनी अधिकारी लिन त्सेशू यांनी कँटनजवळ अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या चुन्याच्या निवळीत कालवून समुद्रात सोडल्या आणि पहिले अफूयुद्ध पेटले. त्या पेट्यांत पाटण्याचा माल होता तसा आपल्या माळव्याचाही होता. माळव्यातल्या कुणब्याने खरवडलेला चीक, अळशीच्या तेलात भिजवून, पिशवीत निथळवून, मळून, वड्या करून, खसखशीच्याच वाळक्या पाल्याच्या भुकटीत घोळवून इतक्या दूर गेला होता. इंग्रजी दप्तरांत या कच्च्या मालाला 'चिक' असाच शब्द आहे. त्यांनाही दुसरा सापडला नाही.

या व्यापारातून मुंबई उभी राहिली हे आता सर्वमान्य आहे. माळव्याच्या अफूत ज्यांनी सर्वांत मोठी कमाई केली त्यांत जमशेटजी जीजीभाई होते, आणि त्यांच्याच देणगीतून १८४५ मध्ये मुंबईत त्यांच्या नावाचे रुग्णालय सुरू झाले. शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज. तिथल्या पहिल्या तुकडीतून १८५१ मध्ये भाऊ दाजी लाड बाहेर पडले. म्हणजे आधुनिक वैद्यक शिकलेल्या आपल्या पहिल्या डॉक्टरांच्या शिक्षणाला माळव्याच्या चिकाचा हातभार लागला होता. यात कोणाला दोष द्यायचा हेतू नाही. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे इतिहासात क्वचितच सरळ रेषेत असते.

इंदुरातही हेच. रेसिडेन्सीच्या आवारात सेंट्रल इंडिया एजन्सीचा कारभार, आणि त्या कारभारात अफूचा एजंट व अफूचा काटा. उज्जैन, रतलाम, जावरा इथेही काटे होते. पेट्या तोलायच्या, कर घ्यायचा, पास द्यायचा. त्याच रेसिडेन्सीत १८७८ मध्ये वैद्यकीय शाळा निघाली, जी पुढे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल म्हणून ओळखली गेली. तिथले रेसिडेन्सी सर्जन कीगन यांनी लहान मुलांचे मुतखडे चिरफाड न करता आतल्या आत फोडून काढण्यात आणि कापलेली नाके पुन्हा बसवण्यात जगभर नाव मिळवले. नाकाच्या शस्त्रक्रियेवरचे त्यांचे पुस्तक १९०० मध्ये निघाले. एका आवारात अफू तोलली जात होती आणि त्याच आवारात माणसांच्या वेदनेवर उपचार शिकवले जात होते. पण माळव्याची अफू औषधाच्या पेटीत फारशी जात नव्हती. ते का, हे समजायला थोडे रसायनशास्त्र हवे.

अफू म्हणजे एक पदार्थ नव्हे, ते मिश्रण आहे. १८०४-०५च्या सुमारास जर्मनीत पाडरबोर्न गावच्या औषधी दुकानात काम करणाऱ्या फ्रीडरिश सेर्ट्युर्नर नावाच्या तरुणाने अफूचा अर्क काढून त्यात अमोनिया घातला आणि तळाशी स्फटिक बसलेले पाहिले. तोवर समज असा की वनस्पतींतली प्रभावी द्रव्ये आम्ल असतात. हे द्रव्य अल्कधर्मी निघाले. त्याने ते स्वतः घेतले, तीन तरुणांनाही दिले, आणि चौघेही जवळजवळ मरता मरता वाचले. १८१७ मध्ये त्याने याचा सविस्तर लेख छापला. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून नाव ठेवले, तेच आजचे मॉर्फिन. वनस्पतींतून शुद्ध रूपात काढलेले हे पहिले अल्कलॉइड. पुढे १८३२ मध्ये फ्रान्समध्ये रोबिके यांना कोडीन सापडले, जे आजही खोकल्याच्या औषधांत आहे. त्याच चिकातून थिबेन, नोस्कपिन, पापाव्हरिन निघाले. थिबेन स्वतः विषारी, पण त्यापासून अनेक वेदनाशामके तयार होतात. आणि नॅलॉक्सोनही, जे मॉर्फिनची मात्रा जास्त होऊन श्वास थांबू लागलेल्या माणसाला परत आणते. विष आणि त्याचा उतारा एकाच बोंडात.

मॉर्फिनमुळे मोठा फरक पडला तो मापात. त्याआधी वैद्य, हकीम आणि डॉक्टर सगळेच मोहरीएवढी, मुगाएवढी असे अंदाजाने अफू देत. पण एका शेतातली अफू दुसऱ्यासारखी नसते, आणि व्यापारी भेसळ करतो ती वेगळीच. मोहरीएवढ्या गोळीत किती औषध आहे हे देणाऱ्याला कळत नसे. स्फटिक मात्र तराजूत तोलता येतो. आता लंडनच्या औषध-व्यापाऱ्याला ज्यात मॉर्फिन जास्त ती अफू हवी होती, आणि ती तुर्कस्तानची. हिंदुस्थानी अफूत मॉर्फिन कमी, म्हणून ती चिलमीसाठी चीनला गेली. आपल्या अफूचा ऐन भरभराटीचा काळ हा औषधाचा काळ नव्हताच. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान शत्रुपक्षात गेला, तेव्हा कुठे इंग्लंडला औषधासाठी हिंदुस्थानच्या अफूची आठवण झाली.

घरगुती औषधात मात्र ती कायम होती. दाढ दुखू लागली की किडलेल्या पोकळीत लवंगेचे तेल, आणि ते पुरले नाही तर अफूचा कण दाबून बसवायचा, हा उपाय इथे सर्रास होता. युरोपातही अफूच्या अर्कात कापूस भिजवून दातात ठेवीत. लवंगेच्या तेलातले युजेनॉल जस्ताच्या भस्मात कालवून आजचा दंतवैद्य अजूनही दात भरतो; अफूची जागा मात्र १८८४ नंतर आधी कोकेनने आणि मग प्रोकेनने घेतली. पटकी आणि अतिसारावर डोव्हरची पूड आणि क्लोरोडाइन. क्लोरोडाइन तर हिंदुस्थानातच एका लष्करी डॉक्टरने सिद्ध केले, आणि त्याचा मुख्य आधार अफू. अमेरिकेत १८४९ पासून बाळांना दात येताना देण्याचे एक सरबत मिसेस विन्स्लो या नावाने खपत होते, त्यात मॉर्फिन होते. आयांना आवडे, कारण बाळ झोपे. काही बाळे उठत नसत.

इथे अबुल फजलचे वाक्य परत येते. आपल्या बाळगुटीत वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, अतिविष असते; सहाणेवर एकेक वेढा उगाळायचा. काही घरांत त्यात अफूचाही वेढा असे, आणि बाजारात अफूची बाळगोळी तयारच मिळे. मुंबईच्या गिरणगावात १९२२ मध्ये कामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉक्टर बार्न्स बाईंनी नोंदवले आहे की गिरणीत जाणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाई. त्या बाया बहुतांशी कोकण-घाटावरच्या, आपल्याच भाषेच्या. दहा तास यंत्रावर उभे राहायचे तर घरी बाळ झोपलेले हवे. अडाणी म्हणून त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. माझ्या मते तो अंमल बाळगोळीचा नव्हता, गिरणीच्या भोंग्याचा होता.

यापूर्वीच, १८९३ मध्ये, इंग्लंडातल्या सुधारकांच्या दडपणाने शाही अफू आयोग नेमला गेला. त्याने माळव्यातल्याही साक्षी नोंदवल्या. १८९५ च्या अहवालाचा मथितार्थ असा की बेताने घेतलेली अफू हिंदी माणसाला अपाय करीत नाही. तिजोरी ज्या उत्तराची वाट पाहत होती ते उत्तर. तरी काळ बदलत होता. १९०७ च्या करारानुसार चीनला जाणारा माल दरवर्षी कमी होत गेला आणि १९१३ मध्ये तो थांबला. माळव्यातल्या पेढ्यांनी अफूतला पैसा काढून कापसात, गिरण्यांत, सट्ट्यात घातला. इंदूरच्या गिरण्यांच्या धुराड्यांचा इतिहास लिहिताना हे प्रकरण बहुधा एका ओळीत उरकले जाते.

लागवड मात्र संपली नाही, ती सरकारी परवान्याखाली आकसली. १९३०च्या दशकात, तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातल्या नीमचला अफूचा कारखाना निघाला. १९७०च्या दशकात तिथे अल्कलॉइड वेगळे काढण्याचे कामही सुरू झाले. आज मंदसोर, नीमच आणि रतलाम जिल्ह्यांतले शेतकरी दहा-दहा आरीच्या तुकड्यात हे पीक घेतात. त्यांनी किती चीक दिला एवढ्यावर आता भागत नाही. त्यातून हेक्टरी किती मॉर्फिन निघाले ते मोजतात, आणि अलीकडच्या वर्षांत ते ४.२ किलोंच्या खाली गेले की परवाना धोक्यात. सेर्ट्युर्नरचा तराजू असा शेताच्या बांधापर्यंत आला आहे. पोपट बोंडे पळवतात, नीलगाई शिरतात, म्हणून रात्रभर राखण. निर्यातीसाठी कायदेशीररीत्या अफूचा चीक गोळा करणारा भारत हा जगातला एकमेव देश आहे.

आणि याच देशात माणसे मॉर्फिनवाचून कण्हत मेली. १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा आला. हेतू तस्करीला आळा घालण्याचा, पण रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचे तर चार-पाच वेगवेगळे परवाने, प्रत्येकाची मुदत निराळी, आणि हिशेबात चूक झाली तर शिक्षेची भीती. औषधवाल्यांनी आणि डॉक्टरांनी हात आखडला. १९८५ मध्ये देशात वर्षाला सहाशे किलोंच्या आसपास मॉर्फिन वापरले जाई, ते १९९७ पर्यंत १८ किलोंवर आले. एवढ्या मोठ्या देशात १८ किलो.

त्याच काळात, १९९६ मध्ये, माझ्या काकांना जबड्याचा कर्करोग झाला. शेवटचे दोन महिने ते घरीच होते. इंदुरातल्या ज्या रुग्णालयात त्यांचे उपचार झाले तिथल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले, 'याला लागते ते औषध आमच्याकडे नाही, आणि मिळेल असे सांगतही नाही.' आम्ही दवाबाजार पालथा घातला. काकूने देवघरातला अंगारा लावला, लवंगा चावायला दिल्या, जे सुचेल ते केले. एका रात्री काकांनी पाटीवर लिहून विचारले, 'नीमच किती लांब?' त्यांना बोलता येत नव्हते. मी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर असे काहीतरी सांगितले. त्यांनी पाटी पुसली.

केरळातल्या डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षे काम केले, सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, आणि २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. 'अत्यावश्यक अमली औषधे' असा नवा वर्ग झाला. रुग्णालयाला आता राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. मॉर्फिनच्या गोळीची किंमत काही रुपयांच्या घरात आहे. अडते ते ती लिहून द्यायला शिकलेल्या डॉक्टरांच्या संख्येवर, आणि घरच्यांच्या मनातल्या 'सवय लागेल' या भीतीवर. मरणाच्या वाटेवरच्या माणसाला सवय लागेल म्हणून औषध नाकारणारे नातेवाईक मी आपल्याच समाजात पाहिले आहेत.

गेल्या काही वर्षांत काही शेतकऱ्यांना नव्या प्रकारचे परवाने दिले जात आहेत. त्यात बोंडाला चीर द्यायची नाही. बोंड वाळू द्यायचे, वरचा देठ तेवढा ठेवून तोडायचे, आणि तसेच सरकारला द्यायचे. अल्कलॉइड पुढे यंत्राने काढतात. हंगेरीत कबाय नावाच्या औषधशास्त्रज्ञाने १९३०च्या सुमारास ही रीत बसवली होती, माळव्यात यायला तिला नव्वद वर्षे लागली. या शेतांत नश्तर लागत नाही आणि चीकही दिसत नाही. खसखस मात्र पूर्वीसारखीच शेतकऱ्याची राहते. तो ती झाडून, चाळून नीमच-मंदसोरच्या मंडीत विकतो, आणि दिवाळीच्या आधी ती इंदुरात येते.